पट्टी कोणती?

एकादशीच्या रात्री देवळात मंडळी जमतात, पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लागते, टाळकरी दोन्ही बाजूंना आपापल्या जागा धरतात, कुणीतरी समईची वात पुढे सारतो, आणि अभंगाचा पहिला शब्द उमटण्याआधी पेटीवर बसलेला माणूस गाणाऱ्याकडे वळून एवढेच विचारतो, "पट्टी कोणती?" गाणारा म्हणतो "काळी दोन" किंवा "पांढरी चार", पेटीवाल्याचे बोट तिथे जाऊन टेकते, भाता हलतो, आणि त्या एका आधारावर पुढचे चार तास उभे राहतात. चाळीस वर्षे मी हा प्रश्न विचारत आलो आहे. विचारता विचारता हा शब्द माझ्यासाठी नामासारखा झाला आहे. उच्चार रोजचाच, अर्थ मात्र रोज थोडा अधिक उघडणारा.

मागच्या महिन्यात धाकटी पुतणी घरी आली. तिला चाली सुचतात, फोनवर गुणगुणून ती त्या साठवते, आणि आता त्या चालींना अंग द्यावे, घरच्या घरी एक गाणे उभे करावे, असे तिच्या मनाने घेतले आहे. "काका, लॅपटॉप आहे, हेडफोन आहे, थोडे पैसेही साठवलेत. पहिला सिंथेसायझर घेऊ, की नुसता कीबोर्ड कंट्रोलर?" मी भाजी निवडत होतो. सवयीने तोंडातून निघाले, "पट्टी कोणती?" तिने वेगळेच ऐकले. "तेच तर कळत नाही," ती म्हणाली, "पंचवीस घेऊ, एकोणपन्नास घेऊ, की एकसष्ट?" मी तिच्या गळ्याबद्दल विचारत होतो, ती यंत्राच्या दातांची संख्या सांगत होती, आणि क्षणभराने माझ्या ध्यानात आले की हे दोन्ही प्रश्न आपल्या भाषेने एकाच शब्दात नांदवले आहेत, आणि तसे ते नांदतात याला अर्थ आहे. त्या अर्थाच्या शोधात, वाचकहो, आज थोडे सावकाश चालू.

पट्टी म्हणजे आधी काय, तर विस्तारातून निराळी केलेली अरुंद चीज. शाळेत रेघ मारायची ती पट्टी, जखमेवर बांधायची ती पट्टी, घराचा म्हणून आपल्या वाट्याला आलेला कर ती घरपट्टी, शेताच्या मोठ्या पसाऱ्यातला वाटणीचा लांबट तुकडा तीही पट्टी. जे अफाट आहे त्यातून माणसाच्या हाताला पेलेल एवढे वेगळे काढले की आपण त्याला पट्टी म्हणतो. नाद हा अफाट आहे. पूर्वजांनी त्याला ब्रह्म म्हटले तेव्हा अलंकार म्हणून म्हटलेले नाही. ज्याला आदी नाही आणि काठ नाही त्याला दुसरे काय म्हणणार? आणि आपले बोट पेरभर. त्या अफाटाने या पेरभर बोटाला भेटावे कुठे? तर पट्टीवर. मंद्रापासून तारापर्यंत अखंड पसरलेल्या नादरेषेतून लाकडाचा एक तुकडा म्हणतो, "एवढा माझा, इथे ये." म्हणून पहिले वाद्य निवडणाऱ्याने आवाज किती मिळतात हे मोजण्याआधी पट्टीचे स्वरूप समजून घ्यावे, अशी माझी भूमिका आहे, आणि पुतणीलाही मी तेच सांगितले.

तिला मी पेटी उघडून दाखवली. वरची फळी काढली, जाळी काढली, आणि म्हटले, आता भाता न हलवता पट्टी दाब. तिने दाबली. खट् एवढाच आवाज. पुढचे टोक खाली गेले, मागचे टोक वर उचलले गेले आणि त्याच्या बुडाशी चिकटवलेल्या मऊ तुकड्याने आजवर झाकलेले एक भोक उघडे पडले. बाकी काही घडले नाही. मग मी भाता मारला, वारा त्या भोकाकडे धावला, वाटेत बसवलेल्या पितळी सुराची बारीक पाती थरथरली, आणि स्वर आला. पट्टीने स्वर निर्माण केला नाही, पट्टीने दार उघडले. वारा दुसऱ्या हाताचा, थरथर पितळेची, दार तेवढे पट्टीचे. पेटीवाल्याला हे ठाऊक असते, पण ते शब्दांत आणायला मला एका तरुण मुलीचा बाजारहाटीचा प्रश्न लागला.

एकदा पट्टी म्हणजे दार हे उमगले की कंट्रोलर आणि सिंथेसायझर यांतला भेद कुणी वेगळा समजावायला नको. कंट्रोलर म्हणजे नुसती दारे. त्यात पितळी सूर नाहीत, भाता नाही, यूएसबीची तार लावून लॅपटॉपला जोडल्याशिवाय तो मुकाच राहतो, कारण त्याचे सूर लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तीला आहेत. सिंथेसायझरमध्ये दारेही आहेत आणि दारांमागचे घरही आहे. त्या घरात पितळी पातीच्या जागी ऑसिलेटर आहे, जो विजेच्या स्पंदनातून स्वर उभा करतो. पेटीच्या झडपा उघडझाप केल्यावर स्वर जसा उजळतो किंवा झाकोळतो तसा उजळवणारा-झाकोळणारा फिल्टर आहे. आणि एन्व्हलप नावाचा एक भाग आहे, ज्याच्या हाती स्वराचे सारे आयुष्य असते: तो किती वेगाने जन्मतो, जन्मल्यावर किती ओसरतो, बोट असेपर्यंत कुठे स्थिरावतो, आणि बोट उचलल्यावर किती काळ रेंगाळत विरतो. घुंगरू आणि बासरी यांच्यातले अंतर बरेचसे या चार अवस्थांचे अंतर आहे. हे ज्याने एकदा आपल्या हाताने नॉब फिरवून ऐकले त्याला नंतर पावसाचे थेंबही वेगळे ऐकू येतात.

तिच्यापाशी लॅपटॉप आहे, म्हणजे घर आहे. तिला दारे हवीत. म्हणून पहिल्या खेपेस कंट्रोलर घ्यावा, हे माझे मत, आणि ते मी भीडभाड न ठेवता देतो. आज व्हायटल किंवा सर्ज एक्सटी यांसारखे सॉफ्टवेअर सिंथ विनामूल्य मिळतात, आणि त्यांच्यात ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप यांचे अख्खे शास्त्र भरलेले आहे. सूर पुढे हवे तितके बदलता येतील, वाढवता येतील, टाकता येतील. बोटाखालची पट्टी मात्र विकत घेतली तीच राहते. मात्र ज्याचा दिवस कार्यालयात पडद्यासमोर जातो आणि घरी आल्यावर ज्याला पुन्हा पडदा नकोसा होतो, त्याने लॅपटॉपचा आग्रह धरू नये. त्याच्यासाठी कॉर्गचा मिनिलॉग किंवा तशाच घडणीचे एखादे वाद्य, ज्यात प्रत्येक कामाला आपापला नॉब असतो, हे गुरूसारखे शिकवणारे असते: त्यात एका वेळी चारच स्वर वाजतात, पट्ट्या 37, त्याही बारीक, आणि तरी एक वर्ष त्यातून बाहेर पडावेसे वाटत नाही. पट्टी म्हणजे मर्यादाही, हे अशा यंत्रावर फार चांगले कळते. 1970 साली आलेल्या मिनिमूगला 44 पट्ट्या होत्या आणि एका वेळी स्वर मात्र एकच निघे. आपल्या गळ्यालाही एका वेळी एकच निघतो, आणि त्यात कुणाला उणेपण वाटलेले मी पाहिलेले नाही.

कंट्रोलरची पट्टी दाबली म्हणजे तारेतून नेमके जाते काय? स्वर जात नाही. जाते एक संख्या. 1983 साली निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागावीत म्हणून मिडी नावाची एक सामाईक भाषा ठरली; जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ हे त्यामागचे दोन मोठे पुरुष, एकमेकांचे व्यापारातले प्रतिस्पर्धी असून या कामी एकत्र आलेले. त्या भाषेत प्रत्येक पट्टीला 0 ते 127 यांतला एक क्रमांक आहे. मधली पांढरी एक म्हणजे 60, तिच्या वरची काळी चार म्हणजे 68. बोट टेकले की तार सांगते: पट्टी 68, दाब 90. दाबालाही 127 पायऱ्या, आणि तो दाब म्हणजे खरे तर वेग: पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात, पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पट्टी किती वेळात पोचली यावरून यंत्र ठरवते की बोट हळुवार आले की आवेगाने. पट्टी 68, दाब 90, एवढाच निरोप; तो निरोप ऐकून सतार वाजवायची, शंख वाजवायचा की कुणी कधी न ऐकलेला एखादा नाद, हे पलीकडचे घर ठरवते. मला यात नामरूपाचा विचार आठवल्याशिवाय राहत नाही. पट्टीला रूप नाही. ती केवळ स्थान आणि आवेग सांगते, रूप नंतर येते, आणि उद्या त्याच निरोपाला दुसरे रूप देता येते. पुतणीने आज वाजवलेली ओळ सहा महिन्यांनी ती सारंगीच्या सुरात ऐकेल, आणि ओळ तीच असेल.

आता संख्येकडे. 25 म्हणजे दोन सप्तके, 37 म्हणजे तीन, 49 म्हणजे चार, 61 म्हणजे पाच, आणि 88 म्हणजे पियानोचा पूर्ण विस्तार. अकाईच्या एमपीके मिनीला 25 बारीक पट्ट्या आहेत, तो पिशवीत मावतो, ढोल-तबल्याचे ठेके वाजवायला त्याला चौकोनी पॅडही असतात; ज्याला ठेका आणि एखादी बारीक धून बसवायची आहे त्याचे त्यावर भागते. पण पेटीवर बोट घडलेल्या माणसाने बारीक पट्ट्यांच्या वाटेला जाऊ नये, असे मला वाटते, कारण पूर्ण आकाराच्या पट्ट्यांवर एक सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटरचे असते आणि हाताचे पसरणे त्या मापाला एकदा सरावले की आयुष्यभर साथ देते. बारीक पट्ट्यांवर ते माप मोडते, आणि मोडलेले माप पुन्हा जोडायला दुप्पट दिवस लागतात. आपली साधी पेटी साडेतीन सप्तकांची, 42 पट्ट्यांची. म्हणून 49 ही संख्या आपल्या हाताला घरच्यासारखी वाटते. दोन्ही हातांनी वाजवण्याची ओढ असेल तर 61, पण मग नुसत्या पट्ट्याच 85 सेंटिमीटर जागा घेतात, आणि ते कुठे ठेवणार हा प्रश्न आधी सोडवावा. जे वाद्य पलंगाखालून काढावे लागते ते सणासुदीलाच निघते.

जागेचा हा प्रश्न क्षुल्लक मानू नका. पॅरिसमध्ये 1840च्या सुमारास अलेक्झांद्र दबें याने हार्मोनियम घडवली तेव्हा ती पायांनी भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची होती. आपली बैठक जमिनीवरची. 1875 साली कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी घडवली, डावा हात वाऱ्याला दिला, उजवा पट्ट्यांना, आणि त्या एका फेरफाराने ती पेटी कीर्तनाच्या, भजनाच्या, नाट्यसंगीताच्या मांडीशी येऊन बसली. वाद्याने माणसाला खुर्चीवर नेले नाही, माणसाने वाद्याला सतरंजीवर आणले. तेव्हा आपण जिथे रोज बसतो तिथे आपल्या उंचीला पट्टी कशी येईल हे पाहून घ्यावे. मनगट पट्टीच्या पातळीला आले की बोटे आपोआप विसावतात.

दुकानात गेल्यावर काय करावे? मी पुतणीला म्हटले, विक्रेत्याला सांग की यंत्र चालू करू नकोस. चालू केले की झगमगते आवाज कानात शिरतात आणि बोट आंधळे होते. मुक्या पट्टीची परीक्षा घ्यावी. एक पट्टी पुढच्या टोकाशी हळूच दाबावी, मग तीच मागे, बिजागरीजवळ दाबावी; मागेही बोटाला ती मानत असेल तर काळ्या-पांढऱ्यांच्या दाटीत वाजवताना त्रास होणार नाही. पट्टी आडवी हलवून पाहावी, डुगडुगली तर वर्षभरात खिळखिळी होईल. सोडल्यावर ती बोटाबरोबर वर येते की बोटामागून येते? शेजारच्या दोन पट्ट्यांचा खट् आवाज एकसारखा आहे का? काळ्या पट्टीच्या कडा बोटाला टोचतात का? स्प्रिंगवरच्या हलक्या पट्ट्या, थोड्या वजनाच्या, आणि पियानोसारख्या हातोडीच्या जड पट्ट्या, असे तीन प्रकार हाती लागतील. पियानो शिकायचा नसेल तर जड पट्टीचा मोह टाळावा, कारण पेटीचा हात, द्रुत लयीतल्या ताना आणि मुरक्या घेणारा हात, हलक्या किंवा मध्यम पट्टीवरच मोकळा होतो. पाच मिनिटे असे मुके वाजवून पाहावे. ज्या पट्टीवर बोट न सांगता पुन्हा जाते ती आपली.

हे मी फार उशिरा शिकलो. नव्वदच्या दशकात, बऱ्याच दिवसांची बचत मोडून, मी एक कीबोर्ड घेतला होता. त्यात शेकडो आवाज होते, ताल आपोआप वाजत, आणि पहिल्या आठवड्यात घरी येईल त्याला मी व्हायोलिन, ऑर्गन आणि समुद्राची गाज ऐकवली. मग तो देवळात नेला. बुवांनी अभंगाच्या शेवटच्या कडव्यात आवाज अगदी खाली आणला, कुजबुजीइतका, आणि मी बोट जितके हळू टेकवता येईल तितके टेकवले, पण त्या पट्टीला हळू-जोर कळतच नव्हते. ती एकाच आवाजात वाजत राहिली आणि बुवांचे शब्द तिच्याखाली गेले. त्यांनी काही म्हटले नाही. पुढच्या एकादशीला मी पेटी घेऊन गेलो. तेव्हापासून कुणीही कीबोर्डचे आवाज किती हे सांगू लागला की मी विचारतो, पट्टीला बोट कळते का?

बोट कळणे एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. पेटीत स्वर लागल्यावरही तो वाढवता येतो, कमी करता येतो, कारण वारा डाव्या हातात आहे. कंट्रोलरवर डावा हात रिकामा झाला. त्याने काय करायचे? तिथे डावीकडे दोन चाके असतात. मॉड्युलेशनचे चाक स्वराला श्वास देते, पिचचे चाक त्याला पट्टीच्या बाहेर, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत नेते. काही यंत्रांत पट्टी तळाला टेकल्यावरही तिला आणखी दाबता येते आणि त्या दाबाने स्वर फुलतो, याला आफ्टरटच म्हणतात; हे मिळत असेल तर दोन नॉब कमी असलेले चालतील. माझी विनंती आहे की चाकांऐवजी केवळ स्पर्शाच्या बारीक पट्ट्या असलेले यंत्र घेण्याआधी त्यांवर हात फिरवून पाहावा. हे डाव्या हाताचे स्थान म्हणजे आपला भाता आहे.

आणि इथे पट्टीवरचा जुना आक्षेप येतो, जो मी आदराने ऐकत आलो आहे. पट्टी तुटक आहे, गळा सलग आहे. पट्टीवर मींड निघत नाही. शिवाय तिच्या बारा समान पायऱ्यांत शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा 14 सेंटने, म्हणजे एका पट्टीच्या अंतराच्या सातव्या हिश्शाने, चढा लागतो. याच विचारातून 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या केंद्रांतून दूर ठेवले, आणि ती बंदी सैल व्हायला पुढची तीन दशके जावी लागली. आक्षेप खरा आहे. पण पट्टीवाल्यांनी तो निमूट सोसला असे नाही, त्यांनी त्याला कष्टाने उत्तर दिले. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी कणस्वर आणि भात्याच्या दाबातून सलगतेचा भास उभा केला, ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुती एका पेटीत आणल्या. 1954च्या 'नागिन'मध्ये जी बीन ऐकून माणसे डोलली ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या तीन सप्तकांच्या, एका वेळी एकच स्वर देणाऱ्या विजेच्या वाद्याच्या पट्ट्यांवर वाजवली होती. आणि 1982 साली, मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंगांनी रोलंडच्या ज्युपिटर-8 या सिंथवर, सोबत टीबी-303 आणि टीआर-808 घेऊन, दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्यात स्वर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी न मारता घसरत जातो, कारण यंत्राची ती घसरण त्यांनी मींडेसाठी कामाला लावली. त्या तबकडीची महती जगाला 2010 साली ती पुन्हा निघाल्यावर कळली. साधना आधी होते, कळते नंतर.

आज पुतणीच्या लॅपटॉपमध्ये ही सोय विनामूल्य आहे. सर्जमध्ये स्वरांची स्वतःची मांडणी भरता येते, गंधार 14 सेंट उतरवून ठेवता येतो, आणि मग तीच प्लास्टिकची पट्टी दाबल्यावर तानपुऱ्याच्या पोटातला गंधार बाहेर येतो. पेटीचे कारागीर हेच काम सुरीच्या टोकाने करतात: पितळी पाती टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. मी असे कारागीर मान वाकवून, कान पातीला लावून बसलेले पाहिले आहेत. त्यांचा तो एकाग्र चेहरा आणि रात्री हेडफोन लावून एकेका स्वराचा आकडा खालीवर करणारी मुलगी, यांत मला फरक दिसत नाही.

एक सूचना मात्र तांत्रिक असली तरी सांगायलाच हवी. दार उघडल्यावर वारा वेळेवर आला पाहिजे. लॅपटॉप आवाजाचे नमुने गठ्ठ्यांनी हाताळतो; 128 नमुन्यांचा गठ्ठा, सेकंदाला 44,100 या वेगाने, म्हणजे सुमारे 3 मिलिसेकंदांचा विलंब, आणि 512चा म्हणजे जवळजवळ 12, प्रत्यक्षात थोडा अधिकच. 12 मिलिसेकंदांत ध्वनी हवेतून चार मीटर जातो. म्हणजे पेटी मांडीशी आहे आणि सूर सभामंडपाच्या खांबापाशी उमटतो आहे, असे बोटाला वाटते. तेवढे बोट सहन करते, त्यापुढे लय डळमळू लागते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये हा गठ्ठा लहान ठेवावा, आणि ब्लूटूथचे हेडफोन वाजवताना वापरूच नयेत, त्यांचा विलंब याहून कितीतरी मोठा. तारेचा साधा हेडफोन बरा.

आता शब्दाचा आतला अर्थ, ज्यासाठी तो प्रश्न मुळात विचारला जातो. गाणाऱ्याची पट्टी म्हणजे त्याचा षड्ज कुठे बसतो ते स्थान. ते कुणी त्याला देत नाही, ते त्याच्या छातीच्या आणि कंठाच्या घडणीतच असते, शोधायचे असते. दुसऱ्याच्या पट्टीत गायले तर वरचा षड्ज किंचाळतो किंवा खालचा पंचम बुडतो. कंट्रोलरवर ट्रान्सपोज नावाचे बटण असते: ते दाबले की बोटे पांढरी एकवर ठेवून काळी चार वाजते, जशी आमच्या स्केलचेंजर पेटीत पट्ट्यांची ओळ सुरांवरून सरकते. सोय मोठी आहे, साथीला बसलेल्याला ती कधी वाचवते. पण शिकणाऱ्याने पहिले सहा महिने तिला हात लावू नये, एवढा हट्ट माझा आहे. पांढरी एकचा यमन आणि काळी चारचा यमन बोटांना दोन वेगळ्या गावांसारखे आहेत; एकात सपाट रस्ता, दुसऱ्यात चढउतार, काळ्यांवर अंगठा जपून न्यावा लागतो, आणि त्या चढउतारात वाजवता वाजवता असे काही सुचते जे सपाटीवर सुचले नसते. आपल्या गळ्याच्या पट्टीत आपल्या बोटांना राहायला शिकवणे, म्हणजे गाणारा मी आणि वाजवणारा मी यांची एका घरात गाठ घालून देणे.

पुतणीने 49 पट्ट्यांचा कंट्रोलर आणला. विक्रेत्याने आग्रह करूनही तिने तो चालू करू दिला नाही म्हणे. मुकाच वाजवून घेतला. संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर तिने तो माझ्या जुन्या बैठ्या मेजावर ठेवला, तार लावली, आणि सॉफ्टवेअर उघडायच्या आधी थांबली. "काका, पट्टी कोणती?" तिने मलाच विचारले. मी म्हटले, तू गा. तिने डोळे मिटले, आकार लावला, लावून धरला, आणि मुक्या पट्ट्यांवरून बोट चालवत पेटीकडे हात केला, तेव्हा मी भाता मारला. काळी चारवर ती थोडी वर राहिली. काळी पाचवर थोडी खाली. मधल्या पांढरी सहावर दोन्ही आवाज एकमेकांत विरले आणि खोलीत एकच स्वर उरला; तिने पेन्सिल घेऊन कंट्रोलरच्या त्या पट्टीवर, कडेला, पुसता येईल असा एक बारीक ठिपका काढला.